पिवळ्या डब्याची राखण

आषाढी एकादशीला मी दर वर्षी चार महिन्यांचा एक नेम धरते. कधी वांगं सोडते, कधी साखर. यंदा मनाशी म्हटलं, जिभेला चव सोडायला लावून झाली, आता बोलणं सोडायला लावू. कार्तिकीपर्यंत कुणाच्या पाठीमागे कुणाबद्दल वाईट बोलायचं नाही. नेमाला महिना होत आला, आणि वीणा मॅडमनी मला त्यांच्या खोलीत बोलावून दार लोटून घेतलं.

"कौशल्यक्का, एक काम आहे. स्वल्प नाजूक आहे."

बेंगळुरूजवळ बोम्मसंद्र्याच्या एका संशोधन संस्थेत मी अकरा वर्षं मदतनीस आहे. काचेची भांडी धुवायची, वाफेच्या भट्टीत घालून निर्जंतुक करायची, फ्रीझर स्वच्छ ठेवायचा, कोणती वस्तू किती उरली त्याची वही लिहायची. वीणा मॅडम आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. मूळच्या धारवाडच्या, त्यामुळे माझ्याशी मराठीत बोलतात.

"स्मृतीवर जरा लक्ष ठेवाल? तिला कळू न देता."

स्मृती म्हणजे पुण्याहून आलेली मुलगी. मुलगी म्हणते खरी, पण अठ्ठावीस वर्षांची. मारतहळ्ळीला चार मुलींबरोबर राहते, पीएचडीचं चौथं वर्ष. तिच्यावर लक्ष का ठेवायचं ते मॅडमनी सांगितलं, तेव्हा मला निम्मं कळलं. उरलेलं निम्मं गंमत अशी की स्मृतीनेच मला पूर्वी समजावून दिलं होतं.

आपल्या शरीरातल्या डीएनएचे धागे तुटले की जोडायला एक एंझाइम असतं, म्हणजे अंगातलाच शिंपी म्हणा. पण पृथ्वीवर जीव जन्मालाच यायचा होता तेव्हा हा शिंपी कुठून येणार? मग धागे लांब कसे झाले? स्मृतीचं म्हणणं, थंडीने. "अक्का, पाणी गोठतं ना, तेव्हा बर्फ फक्त पाण्याचा होतो. त्यात विरघळलेलं बाकी सगळं बर्फाच्या फटींत ढकललं जातं. तिथे इतकी दाटी की धाग्यांची टोकं एकमेकांना भिडतातच. संध्याकाळच्या आनेकलच्या बसमध्ये तुम्ही कुणालाही भिडता तसं."

"भिडले म्हणजे जुळले का?" मी विचारलं होतं.

"नाही ना. चुकीच्या माणसाशेजारी उभं राहून काय उपयोग? म्हणून बर्फ वितळायला हवा. वितळला की सगळे सुटे, पुन्हा गोठला की नवी जोडी. असं बऱ्याचदा केलं की योग्य टोकाला योग्य टोक सापडतं, आणि आम्ही पाण्यात एक रसायन घालतो ते त्यांना पक्कं करतं. एंझाइम लागत नाही."

तिच्याकडे दोन डबे होते. लाल डब्यातल्या नळ्या यंत्रात रोज गोठायच्या नि वितळायच्या. पिवळ्या डब्यातल्या नुसत्या गोठलेल्या ठेवायच्या, कधी वितळू द्यायच्या नाहीत. लाल डब्यात धागे खूप जुळले आणि पिवळ्यात अगदी थोडे, तर तिचं म्हणणं खरं.

"आणि पिवळ्यातही खूप जुळलेत," मॅडम त्या दिवशी खोलीत म्हणाल्या. "जवळजवळ लालइतकेच. हे गोठण्या-वितळण्याचं काम नाही. मला वाटतं, लालमध्ये निकाल छान यावा म्हणून हिने कुठेतरी एंझाइमचा थेंब टाकलाय आणि तो पिवळ्यातही गेलाय. मी डोळ्यांनी पाहिलं नाही, म्हणून बोलत नाही. आता ती सगळं पहिल्यापासून करणार आहे. नोव्हेंबरमध्ये समितीपुढे तिचा आढावा आहे. त्या दिवशी मला हो किंवा नाही सांगावं लागेल. नाही म्हटलं तर तिची फेलोशिप थांबेल, घरी जावं लागेल."

"मी काय करू?"

"फक्त बघा. पिवळा डबा कुणी उघडता कामा नये. तुम्ही खोटं बोलत नाही हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून तुम्हालाच सांगते."

माणसाला कशाने भुलवावं ते थोरांना बरोबर कळतं. मी "सरी" म्हटलं, म्हणजे बरं.

घरी येताना बसमध्ये नेम आठवला. पाठीमागे वाईट बोलायचं नाही. मग विचार केला, मी बोलणार कुठे आहे? मी लिहीन. दिसेल ते चिठ्ठीवर लिहायचं नि मॅडमच्या टेबलावर ठेवायचं. रात्री जेवताना यजमानांना सांगितलं. भगवंतराव इथल्याच एका कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झाले आहेत; त्यांना माझ्या नेमांची सवय आहे, पण आदर आहे असं म्हणवत नाही.

"म्हणजे तोंडाला कुलूप आणि हाताला मोकळीक," ते भाताचा घास कालवत म्हणाले. "देवाला वाचता येत नाही असं वाटतं का तुला?"

"तुम्ही जेवा."

"जेवतोय की. माझ्याबद्दलही लिहितेस का कुठे?"

डबा नवा आला, ऑगस्टच्या दुसऱ्या सोमवारी. पिवळ्या प्लास्टिकचा, वरचं झाकण पारदर्शक, आत बारा नळ्या, प्रत्येकीच्या तळाशी पाण्याचा एक टिपूस. दर सोमवारी एक नळी काढायची आणि तपासायची, असे बारा सोमवार. मी माझ्याकडून एक युक्ती केली. फुलं ओवायचा पांढरा दोरा डब्याला उभा-आडवा गुंडाळून गाठ मारली. मी गजऱ्याची गाठ डाव्या हाताने मारते, तिचा पीळ उलटा पडतो. दुसऱ्या कुणी सोडून पुन्हा बांधली तर मला लगेच कळणार. मॅडमना ही गोष्ट फार आवडली. स्मृतीला आवडली नाही.

"दोरा कशाला, अक्का?"

"डबा पडून उघडू नये म्हणून," मी म्हटलं. खोटं नव्हतं तसं. पडला असता तर उघडला नसता.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग "ओके" म्हणाली आणि फ्रीझरचं दार लावलं. तेव्हापासून मला तिच्या प्रत्येक गोष्टीत काहीतरी दिसायला लागलं.

मी सकाळी साडेसातला येते, मॅडम साडेनऊला, स्मृती दहाला. पण ती रविवारीही येते असं रखवालदाराच्या वहीत दिसलं. रविवारी काय काम असतं? फोन आला की ती जिन्यात जाऊन बोलते. एकदा मी जिना उतरत होते, तर "नाही, अजून कुणाला कळलेलं नाही" एवढं ऐकू आलं. दुपारचा डबा खाताना पूर्वी ती माझ्या शेजारी बसायची, माझ्या उपासाच्या दिवशी मुद्दाम विचारायची, "आज कुठल्या देवाने तुमचं जेवण खाल्लं?" आता लांब बसते. फ्रीझरपुढे उभी राहून पिवळ्या डब्याकडे नुसती बघत असते, हात मागे बांधून. हात मागे का बांधते?

हे सगळं मी लिहिलं. तारीख, वेळ, सगळं.

सप्टेंबरच्या सुरुवातीला वही तपासताना जोडणाऱ्या एंझाइमची एक नळी कमी भरली. एवढीशी नळी, पण त्यानेच तर सगळा घोळ व्हायचा होता. मी स्मृतीला विचारलं.

"ती का? वरच्या मजल्यावर पवित्राला दिली. तिची संपली होती. वहीत लिहायचं राहिलं, सॉरी."

वर जाऊन पवित्राला विचारायला दोन मिनिटं लागली असती. मी गेले नाही. चिठ्ठीवर लिहिलं, "एंझाइमची एक नळी कमी आहे." एवढंच. त्या ओळीखाली बरीच जागा होती.

सोमवार येत गेले. मॅडमसमोर मी दोरा सोडायची, गाठ दाखवायची. पीळ उलटा, गाठ माझीच. स्मृती डबा सुक्या बर्फावर ठेवून चिमट्याने एक नळी उचलायची, पाच-सहा सेकंदांत डबा बंद. मी पुन्हा दोरा बांधायची. मग जेल. जेल म्हणजे पारदर्शक खळीची लादी; तिच्यातून वीज सोडली की आखूड धागे पुढे पळतात, लांब मागे राहतात. आखूड धाग्यांच्या मागे लांब धाग्याची रेघ उमटली म्हणजे जुळले. पहिल्या सोमवारी रेघ नव्हतीच. दुसऱ्या सोमवारी फिकट. तिसऱ्या सोमवारी मॅडमनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला.

"डबा कुणी उघडला नाही," मी हळूच म्हटलं.

"मग जेलला लावायच्या आधी काही होतंय," मॅडम कानडीत म्हणाल्या, माझ्याकडे न बघता. स्मृतीला कानडी येत नाही असं त्यांना वाटतं. चार वर्षं बेंगळुरूत राहून रिक्षावाल्यांशी भांडणाऱ्या मुलीला एवढं कळत असावं. तिचे कान लाल झाले.

पुढच्या सोमवारपासून मी जेल होईपर्यंत तिच्या खुर्चीमागे उभी राहू लागले. एकदोनदा तिचा थेंब जेलच्या खाचेबाहेर पडला. मला वाटलं, मन खोटं म्हणून हात चुकतो.

"अक्का, तुम्ही बसाल का? मला मागे कुणी उभं राहिलं की होत नाही."

"मी काही बोलत नाहीये."

"तेच तर," ती म्हणाली.

पितृपक्षात आईचं श्राद्ध असतं. माझं माहेर संडूरचं. सोमवारी नळी काढून झाल्यावर दोरा बांधला, डबा ठेवला आणि रात्रीच्या गाडीने गेले, ती पुढच्या सोमवारी दहाला स्टेशनवरून थेट कामावर आले. आल्याबरोबर गाठ पाहिली. माझीच. त्या दिवशीची रेघ मागच्या सोमवारच्या रेघेएवढीच होती. मॅडम म्हणाल्या, जेल नीट चाललं नसेल. कुणी फार लक्ष दिलं नाही.

नवरात्र झालं, दिवाळी झाली. आढावा शुक्रवारी होता. त्याच आठवड्यात, बुधवारी दुपारी, मॅडमनी स्मृतीला आणि मला बोलावलं. डब्यात आता एकच नळी उरली होती.

"स्मृती, सरळ विचारते. पिवळ्या डब्यात तू काही केलं आहेस का?"

"नाही."

"सुरुवातीला द्रावण तू भरलंस."

"हो. तुम्ही भरा म्हटलं होतं मी, ऑगस्टमध्ये. तुम्हाला वेळ नव्हता."

"आता दोन दिवसांत मी काय भरणार?"

स्मृतीने एक कागद टेबलावर सरकवला. आलेख होता. आडव्या रेषेवर सोमवार, उभ्या रेषेवर जुळलेले धागे. जिन्यासारखा चढत गेलेला, आणि मध्येच एक पायरी सपाट.

"हा आठवडा बघा. सहावा. काहीच वाढलेलं नाही. त्या आठवड्यात मी रोज इथे होते. रविवारीसुद्धा. मला काही करायचंच असतं तर त्या आठवड्याइतकी सोय कधी होती? मागे उभं राहायलाही कुणी नव्हतं."

मॅडमनी खणातून हजेरीचं पुस्तक काढलं. बोट फिरवत त्या तारखांवर आल्या. मग त्यांनी पुस्तक मिटलं. माझ्याकडे बघितलं, आणि लगेच खिडकीकडे बघितलं.

ते लगेच बघणं मला लागलं. तीन महिने मी स्मृतीकडे तसंच बघत होते.

"मी डबा उघडला नाही," मी म्हटलं. "गाठ तुम्ही दर वेळी पाहिलीत."

"तुम्ही उघडला असं कुणी म्हटलं नाही, कौशल्यक्का."

"म्हटलं नाही," स्मृती म्हणाली.

संध्याकाळी घरी गेले. माझा करार दर डिसेंबरला नवा होतो. मॅडम आता काय लिहितील? अकरा वर्षं एक स्वच्छ चमचा घरी नेला नाही, आणि आता ही पोरगी सपाट पायरी दाखवून मला गोवते. हिनेच ठरवून केलं असणार. मी गावाला जाणार हे तिला ठाऊक होतं. त्या आठवड्यात मुद्दाम थांबली असेल. होय, तसंच असेल.

"अगं, मग तू नसताना थांबली आणि तू असताना तुझ्या डोळ्यांदेखत केलं?" यजमान म्हणाले. "चोर असा उलटा असतो का?"

"तुम्हाला काय माहीत."

"मला काहीच माहीत नाही. भाजीत मीठ नाही, एवढं माहीत आहे."

गुरुवारी सकाळी साडेसातला प्रयोगशाळा उघडली. हात-पाय धुतले आणि नेहमीचं पहिलं काम काढलं. आमचा फ्रीझर जुना आहे, आत भुरभुर बर्फ साचतो आणि डब्यांवरची नावं दिसेनाशी होतात. फार वर्षांपूर्वी एकदा नाव न दिसल्याने कुणाचा तरी वर्षभराचा डबा कचऱ्यात गेला होता. तेव्हापासून मी आल्याबरोबर मधल्या फळीवरचे अकराच्या अकरा डबे काढून स्टीलच्या टेबलावर मांडते. गरम पाण्यात पिळलेल्या फडक्याने एकेक पुसते, फळी पुसते, आणि त्याच क्रमाने परत ठेवते. घरी सकाळी देव पुसते तसेच. मनात जप चालू असतो. एंझाइमच्या वरच्या फळीला मी हात लावत नाही, ती गरम झालेली चालत नाही हे मला पहिल्या वर्षीच शिकवलं आहे. मधल्या फळीवर नुसता डीएनए. त्याला काही होत नाही, हजार वर्षांच्या हाडातूनही निघतो, असं सगळेच सांगतात.

त्या दिवशी जपात लक्ष नव्हतं. पिवळा डबा समोर होता, दोऱ्यासकट. झाकण पुसून मी आत बघत राहिले. कोपऱ्यात एकच नळी. तळाशी पांढरा कण, न भिजवलेल्या साबुदाण्यासारखा. मी त्या डब्याला मनातल्या मनात बरंच काही बोलले. मग दुसरे डबे पुसले, फळी पुसली, फडकं दोनदा पिळलं. सगळे परत ठेवायला लागले तेव्हा पिवळा डबा हातात आला, आणि झाकण स्वच्छ होतं म्हणून दिसलं.

कण पांढरा नव्हता. पारदर्शक झाला होता, शिजलेल्या साबुदाण्यासारखा. डबा तिरका केला. तो हलला.

मी तो तसाच धरून उभी राहिले. दोरा जागच्या जागी. गाठ माझी. डबा कुणी उघडला नव्हता. उघडायचा नाही असंच मला सांगितलं होतं, आणि मी ते अक्षरशः पाळलं होतं.

ऑगस्टपासून रोज. रविवार सोडून. संडूरचा आठवडा सोडून.

डबा आत ठेवला, दार लावलं. नऊपर्यंत तो कण पुन्हा पांढरा झाला असता. स्मृती दहाला आली असती आणि तिला काही दिसलं नसतं. मॅडमनाही नाही. अकरा वर्षांत मला साडेसातला कुणी पुसताना पाहिलेलं नाही. मी उद्यापासून पुसायचं बंद केलं असतं तरी कुणी का म्हणून विचारलं नसतं. हे सगळं माझ्या मनात इतक्या भराभर आलं की मलाच माझा संशय आला.

त्या दिवशी मी भांडी धुतली. पुन्हा धुतली. मॅडम आल्या, त्यांच्या खोलीत गेल्या. स्मृती आली, तिने कुणाकडे न बघता उद्याचे कागद काढले. डोळे सुजलेले होते. दुपारी सुट्टीत तिने जेवणाचा डबा उघडला आणि तसाच बंद केला. मी उठले, पुन्हा बसले. साडेतीन वाजता उठले, ती बसले नाही. तिला म्हटलं, "चल माझ्याबरोबर," आणि मॅडमच्या दारावर टकटक केलं.

एका दमात सांगितलं. डबे बाहेर काढते, पुसते, परत ठेवते. आज नळीत पाणी पाहिलं.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "किती वेळ बाहेर?"

"घड्याळ बघत नाही. अकरा डबे आणि फळी पुसून होईपर्यंत."

"अर्धा तास?"

"तेवढा असेल."

"रोज?"

"रविवार सोडून. रजा सोडून."

मॅडमनी स्मृतीचा आलेख पुढे ओढला, हजेरीचं पुस्तक उघडलं आणि पेन्सिलने सोमवारांखाली माझ्या कामाच्या दिवसांचे आकडे लिहायला सुरुवात केली. सहा, सहा, पाच, सहा, सहा, शून्य. गणपतीच्या सुट्टीच्या आठवड्याच्या पायरीवर त्या थांबल्या. ती इतरांपेक्षा किंचित बुटकी होती. त्यांनी ती पेन्सिलने दोनदा टोकली. मला वाटलं होतं त्या ओरडतील. त्या नुसत्या थकलेल्या दिसल्या.

"यात कुणी काही टाकलेलं नाही, स्मृती," त्या म्हणाल्या. "मी तुझ्यावर..." आणि पुढचं त्यांना मराठीत सापडलं नाही, कानडीतही नाही.

स्मृती मॅडमकडे बघतच नव्हती. टेबलाच्या कडेला मॅडमच्या फाइलमधून माझ्या चिठ्ठ्या डोकावत होत्या. अक्षर मराठी, म्हणून तिने ओळखलं असावं. तिने फाइल विचारलीही नाही, ओढून घेतली. एकेक चिठ्ठी वाचत गेली. रविवार. जिना. हात मागे बांधते.

"जिन्यात मी आईशी बोलत होते," ती म्हणाली. "माझं लग्न मोडलंय, ते घरात बाकी कुणाला सांगायचं नव्हतं."

मग एका चिठ्ठीवर तिचं बोट थांबलं.

"ही नळी पवित्राला दिली, हे मी तुम्हाला सांगितलं होतं अक्का. तुम्ही लिहिलं का नाहीत?"

डबे पुसण्याने काय होतं ते मला ठाऊक नव्हतं. हे ठाऊक होतं. मी काय सांगणार? "माझ्या मनात तू दोषी होतीस," मी म्हटलं. "म्हणून तेवढं लिहिलं नाही."

मग चिठ्ठ्या नीट जुळवून तिने फाइलमध्ये ठेवल्या.

"उद्या समितीपुढे तुम्ही सांगाल? मला सांगितलंत तसंच. डबे पुसण्याचं, आणि हे पण."

"दोन्ही?"

"दोन्ही."

शुक्रवारी समितीत चार जण होते. मला इंग्रजी फार येत नाही. मी मराठीत सांगितलं, मॅडमनी इंग्रजीत सांगितलं. पवित्राला दिलेल्या नळीचं मी लपवलं होतं, ते त्यांनी पहिल्यांदा गाळलं. स्मृती म्हणाली, "मॅडम, तेही." मग त्यांनी सांगितलं. समितीतल्या एका गृहस्थांनी विचारलं, रोज पुसण्याची पद्धत कुणी घालून दिली? कुणी नाही, मी म्हटलं. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. निर्णय असा झाला की हे तीन महिने निकाल म्हणून धरता येणार नाहीत, ठरवून न केलेला प्रयोग तो प्रयोग नव्हे. पण फेलोशिप थांबवायची नाही. स्मृतीला चार महिने वाढवून मिळाले, सगळं तिसऱ्यांदा करायला. माझ्या कराराबद्दल त्या खोलीत कुणी काही बोललं नाही. डिसेंबरात तो नवा झाला, सहा महिन्यांचा. पूर्वी वर्षाचा असायचा.

नेमाचं उद्यापन मी केलं नाही. यजमानांनी विचारलं, "कार्तिकी झाली, यंदा काही गोडधोड नाही?" मी नाही म्हटलं, आणि नवल म्हणजे त्यांनी उठून माझंही ताट वाढलं.

आता स्मृतीकडे तीन डबे आहेत. लाल यंत्रात असतो. पिवळा वरच्या मजल्यावर दुसऱ्या फ्रीझरमध्ये कुलपात, किल्ली मॅडमकडे. तिसरा हिरवा, तो मधल्या फळीवर. तो मी रोज पुसायचा आहे, पूर्वीसारखाच, कारण हाताने अर्धा तास बाहेर काढल्यावर काय होतं ते तिला नीट मोजायचं आहे. तिने मला स्पष्ट सांगितलं, "अक्का, तुमच्यासाठी नाही करत आहे. आलेख चांगला होता म्हणून करते."

"सरी," मी म्हटलं.

त्यासाठी ती मारतहळ्ळीहून सव्वासहाची बस पकडते. साडेसातला माझ्या आधी दारात असते. हिरव्या डब्याच्या झाकणावर तिने कागदी पट्टी चिकटवली आहे, तिच्यावर आडवी सही, अर्धी झाकणावर, अर्धी डब्यावर. मी डबा काढण्याआधी ती सही बघते, ठेवण्याआधी पुन्हा बघते. मी पुसत असते तेव्हा मोबाइलवर वेळ लावून माझ्या मागे उभी असते. मला बसावंसं वाटतं, पण डबे बसून पुसता येत नाहीत. आम्ही फार बोलत नाही. परवा एकदा ती म्हणाली, "फडकं आज जास्त गरम आहे," आणि मी ते पुन्हा पिळून आणलं.

काम झालं की ती वहीत लिहिते: तारीख, बाहेर काढला किती वाजता, आत ठेवला किती वाजता, एकूण मिनिटं. मग वही माझ्याकडे सरकवते, सहीसाठी. काल तिने अठ्ठावीस मिनिटं लिहिली होती. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, बोटांवर मोजलं, आणि मग सही केली. ती थांबली होती, घाई न करता.

"बरोबर आहे ना?" तिने विचारलं.

"आहे," मी म्हटलं. "तू पण एकदा बघ."

तिने बघितलं.